हजेरी

दिसायला ती अगदी साधी. जाड पुठ्ठा, पाठीला कापडाची पट्टी, आत उभ्या-आडव्या रेघांची पानं. शाळेच्या हजेरीपटाशेजारी ठेवली असती तर नवख्याला दोघांतला फरक कळला नसता. शाळेत गैरहजर राहिलं की दुसऱ्या दिवशी छडी बसायची आणि विषय मिटायचा. हिच्या पानावर गैरहजेरी लागली की फौजदार दारात. सरकारदरबारी तिचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. ज्यांची नावं तिच्या पोटात होती ते मात्र तिला नुसतं ‘हजेरी’ म्हणत.

एका ओळीत एक माणूस, असा तिचा हिशेब. नाव, बापाचं नाव, जमात, अंदाजानं वय, मुक्कामाचं गाव, अंगावरची खूण: भुवईवर वण, कान फाटलेला, हातावर गोंदण. ओळीच्या शेवटी, नाहीतर वेगळ्या कागदावर, बोटांचे ठसे. शाई जास्त झाली की ठशाच्या रेषा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उरायचा. मग बोट पुसायचं, मनगट धरायचं आणि पुन्हा दाबायचं. या माणसानं आजवर काही गुन्हा केला आहे का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असलं तरी ओळ पुरी धरली जाई. माणूस कोणाच्या पोटी आला एवढं कळलं की तिचं काम भागत होतं. बाकीची चौकशी तिनं कोर्टासाठी सोडली होती, आणि कोर्टाचेही हात तिनं आधीच बांधून ठेवले होते.

तिचा जन्म १२ ऑक्टोबर १८७१चा. त्या सालचा सत्ताविसावा कायदा, गुन्हेगार जमातींचा. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचं खातं तेव्हा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्याकडे होतं. कायद्यामागचं तर्कशास्त्र सरळ होतं आणि ते आपल्याकडूनच उसनं घेतलेलं होतं: या देशात विणकराचा पोरगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तेव्हा चोराचा चोर होणारच. जातिव्यवस्थेचं वर्णन म्हणून जे पुस्तकात लिहायचं ते साहेबानं कायद्याच्या कलमात लिहिलं. एखादी जमात गुन्ह्यांना चटावली आहे असं सरकारचं मत झालं की गॅझेटात जाहीर करायचं, की झाली ती जमात गुन्हेगार. त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणाबद्दल कुठल्याही न्यायालयानं प्रश्न विचारायचा नाही, हेही कायद्यातच नमूद. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही वेगळी नोंदवही ठेवायची तरतूद होती. म्हणजे ही जुळ्यांपैकी एक. युरोपात कवट्या मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ शोधणाऱ्या लोम्ब्रोसोचं गाजलेलं पुस्तक १८७६ सालचं. आपली हजेरी त्याच्याहून पाच वर्षांनी थोरली. या बाबतीत आपण कुणाच्या मागे नव्हतो.

तिचं माहेर उत्तरेत. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब या मुलखांत ती आधी फिरली. झाशी तेव्हा वायव्य प्रांतात होती. झाशी म्हटलं की मराठी माणसाला राणी आठवते आणि तो तिथेच थांबतो. थोडं पुढं ईशान्येला गेलं की बेतवेच्या काठी एरच नावाचं जुनं गाव लागतं. हिरण्यकश्यपूची राजधानी ती हीच, असं तिथली माणसं सांगतात. जवळच्या डिकौलीच्या टेकडीवरून प्रह्लादाला नदीत ढकललं, होलिका त्याला मांडीवर घेऊन बसली तीही इथेच, आणि म्हणून होळी आमच्या गावातून जगभर गेली, असा त्यांचा दावा. खरंखोटं इतिहासकारांनी बघावं. मला त्या गोष्टीतला पोरगा महत्त्वाचा वाटतो. बाप असुर, कूळ असुराचं. तरी पोरगा बापासारखा निघाला नाही, हे एरचच्या लोकांना कुणा पंडितानं शिकवायला लागत नाही. ते दर फाल्गुनात ढीग रचून पेटवून दाखवतात. त्याच मुलखात १८७१ साली ही वही आली आणि तिनं उलटं सांगितलं. प्रह्लाद तिच्या तावडीत सापडता तर नरसिंहाला खांब फोडायची संधीच मिळाली नसती. बापाचं नाव: हिरण्यकश्यपू. जमात: असुर. खूण: कपाळावर टिळा. दाबा अंगठा.

झाशीच्या दक्षिणेला ललितपूर. तिथल्या सनौऱ्यांवर हा कायदा लागला ती हकिकत तर नाटकात शोभावी अशी. सनौऱ्या म्हणजे उचलेगिरी करणारी टोळी. तिच्यात सगळ्या जातींचे लोक असत, ब्राह्मणसुद्धा, असं इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे रक्तानं एक नाहीत, जातीनं एक नाहीत. तरी कायदा रक्ताच्या आधारावर उभा, आणि तरी तो त्यांना लागू. हजेरीला असल्या विसंगतींनी कधी अपचन झालं नाही. आज झाशी जिल्ह्यात कबूतरा लोकांचे डेरे गावांच्या कडेला आहेत. मैत्रेयी पुष्पा यांची ‘अल्मा कबूतरी’ ही हिंदी कादंबरी त्यांच्याच जगण्यातून आलेली. गावाची कड त्यांना कुणी दिली, हे कळायला हिची जुनी पानं उलटावी लागतात.

तिचा सगळा राग फिरत्या माणसावर. जो एका जागी बसत नाही, ज्याचा सारा वसूल करता येत नाही, जो आज इथे तर उद्या तिथे, तो तिला डोळ्यांसमोर नको असे. ही माणसं फिरती का होती, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून पिढ्यान् पिढ्या धान्य आणि मीठ वाहिलं. आगगाडी आली आणि बैल बसले. कैकाड्यांच्या टोपल्या, वडारांचे दगड, मसणजोग्यांच्या फेऱ्या, सगळा धंदा पायावर उभा. पाय बांधले की धंदा बसला, धंदा बसला की पोट बसलं. मग एखाद्यानं खरोखरच कणीस तोडलं की हजेरी म्हणायची: बघा, मी सांगत होते की नाही.

आपल्याकडे ती आली १९११ साली. त्या वर्षीच्या तिसऱ्या कायद्यानं ती साऱ्या हिंदुस्थानात फिरू लागली. मुंबई इलाख्यात उतरली तेव्हा तिला दातही फुटले होते. नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार, ठरल्या वेळी हजर राहण्याची सक्ती, राहण्याच्या जागेची हद्द, हद्दीबाहेर जायला पास. १९२४च्या सहाव्या कायद्यात हे सगळं एकत्र बांधलं. ठरावीक गुन्ह्यांसाठी नोंदलेला माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप-काळंपाणी. संशयास्पद स्थितीत सापडला तर तीन वर्षांपर्यंत. सहा ते अठरा वयाची पोरं आईबापापासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायची मुभा. या शेवटच्या कलमाजवळ मी दर वेळी अडखळतो. इतर कलमं माणसाला त्रास देतात. हे कलम तिला पुढची पिढी आयती आणून देतं.

तिचं खरं राज्य बघायचं तर सोलापूरला जावं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तिथे सेटलमेंट उभी राहिली. आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात, आणि पुढे मोकळ्या केलेल्या लोकांच्या वस्तीला ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’. रिक्षावाल्याला सांगितलं की तो काही न विचारता नेऊन सोडतो. ‘फ्री’ हा शब्द पत्त्यात का आला, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. त्या वेळी भोवती काटेरी तारेचं कुंपण होतं. आत कैकाडी, टकारी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट, छप्परबंद. भाषा निराळ्या, देव निराळे, एकमेकांत सोयरीक नाही, काहींचं तर एकमेकांशी वाकडं. सरकारनं त्यांना एका नावाखाली आणलं आणि एका तारेत.

सोलापूरच का, तर गिरण्यांमुळे. जुन्या मिलला माणसं लागत होती आणि सरकारकडे माणसं होती. मग भोंगा आणि हजेरी यांचं मेतकूट जमलं. भोंगा वाजला की गिरणी, गिरणी सुटली की फाटक, फाटकात हजेरी. मोजणी पुरी झाल्याशिवाय चूल नाही. आजारी बाईच्या ओळीसमोर काय लिहायचं, माहेरी गेलेल्या सुनेचं काय, रातपाळीवर असलेल्या पोराचं काय, याचे नियम होते, आणि ज्याच्या हातात शिसपेन्सिल त्याच्या लहरीही होत्या. पाहुण्यांना आत यायला परवानगी, लग्नाला बाहेर जायला परवानगी. मयतीला तिकडं पोचायचं तर आधी पास, आणि पास होईतो तिकडं राख सावडलेली.

हे सगळं चालवणारा माणूस दुष्ट असता तर लिहिणं सोपं गेलं असतं. ओ. एच. बी. स्टार्ट हा आय.सी.एस. अधिकारी विजापुरात असताना त्यानं ही वसाहतींची योजना सुरू केली आणि पुढं इलाखाभर ती सांभाळली. त्याला मनापासून वाटत होतं की या लोकांना काम द्यावं, शाळा द्यावी, दारू सोडवावी, की ते सुधारतील. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती. त्यांनाही तसंच वाटत होतं. शाळा खरोखर निघाल्या, त्यांतून काही मुलं शिकलीही. हजेरीला असेच मदतनीस लागतात. राकट शिपायाच्या हातात ती नुसती वही असते. प्रेमळ साहेबाच्या हातात ती सुधारणा होते, आणि सुधारणेविरुद्ध तक्रार करणारा माणूस कृतघ्न ठरतो. गंमत अशी, की १९२८मध्ये मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला जी समिती नेमली तिचा अध्यक्ष हाच स्टार्ट. सभासदांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा. एका टेबलाभोवती बसलेल्या या माणसांना अस्पृश्यतेची भिंत दिसत होती. तारेचं कुंपण मात्र अध्यक्षांच्या स्वतःच्या खात्याचं होतं.

वसाहतीबाहेरच्या खेड्यांत तिचं रूप वेगळं. तिथे तारेची गरज नव्हती, गाव स्वतःच तार होतं. पोलीस पाटील, चावडी, कंदील. रात्री पालापुढे उभं राहून नाव पुकारायचं, आतून ओ यायला हवी. बाळंतीण असो की तापानं फणफणलेला म्हातारा. ओ आली की पुढचं पाल. कुणाच्या गोठ्यातून शेळी गेली की गावाला डोकं खाजवायची गरज नाही, वही उघडायची. कायदा दिल्लीचा असेल, पण कंदील धरणारा हात आपल्या गावचा होता. या गोष्टीची आठवण आपण फारशी काढत नाही. लक्ष्मण माने यांची ‘उपरा’ १९८०मध्ये आली आणि लक्ष्मण गायकवाड यांची ‘उचल्या’ १९८७मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले, दोन्ही अभ्यासक्रमांत लागल्या, परीक्षेत टिपा लिहा म्हणून आल्या. वाचकांनी हळहळ व्यक्त केली. ‘उचल्या’त पोलीस पुनःपुन्हा दारात येतात, आणि कायदा रद्द होऊन तेव्हा कित्येक वर्षं उलटली होती, ही बाब मात्र हळहळीत वाहून गेली.

हिची नातलगं जगभर पसरलेली. फ्रान्समध्ये १९१२ साली फिरत्या जिप्सींना देहाची मापं आणि ठसे असलेली वही जवळ बाळगायची सक्ती झाली. सगळ्यात जवळची बहीण दक्षिण आफ्रिकेत. ठशांची वर्गवारी करायची पद्धत बंगालच्या पोलिसांनी बसवली. डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, नाव साहेबाचं: एडवर्ड हेन्री. हा हेन्री १९००मध्ये जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या पोलिसांची घडी बसवायला गेला. पुढं १९०६-०७मध्ये ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांना दहाही बोटांचे ठसे देऊन नोंद करायचा हुकूम निघाला, तेव्हा गांधींनी या हेन्रीचं पुस्तक वाचलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की कायद्यानं ठसे घेतात ते फक्त गुन्हेगारांचे. १६ ऑगस्ट १९०८ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात तीन पायांच्या मोठ्या लोखंडी हंड्यात दोन हजारांवर नोंदणीपत्रं घातली, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. त्या ज्वाळेची बातमी इकडे पोचली, सभा झाल्या, आपली मान ताठ झाली. तीन वर्षांनी तसेच ठसे आपल्याच कैकाड्या-पारध्यांचे घेण्याचा कायदा कलकत्त्याच्या कौन्सिलात संमत झाला. त्या वेळी कुठल्या मैदानात हंडा चढला नाही. ट्रान्सवालमध्ये ज्याला गुन्हेगार समजलं गेलं तो आपला व्यापारी होता, आणि इथे ज्याला समजलं गेलं त्याला आपणही तसंच समजत होतो.

हंडा चढला नाही, पण कुणी विरोध केलाच नाही असं नाही. मदुरेजवळच्या पेरुंगामनल्लूर गावात पिरमलै कल्लर लोकांनी ठसे द्यायला नकार दिला. तिकडे या कायद्याला हातरेषांचा कायदाच म्हणत. ३ एप्रिल १९२०ला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. डझनावर माणसं पडली, त्यांत मायाक्काळ नावाची बाई. अमृतसरच्या जालियनवाला बागेला वर्ष पुरं व्हायला तेव्हा थोडे दिवस बाकी होते. बाग देशाच्या तोंडी राहिली, पेरुंगामनल्लूर तमिळनाडूबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडचा विरोध बिनआवाजी होता. नाव खोटं सांगायचं, बापाचं नाव बदलायचं, पोराचं नाव दर गावी निराळं ठेवायचं, जमात विचारली की दुसरीच सांगायची, पास न घेता रातोरात पाल उठवायचं. अधिकाऱ्यांच्या अहवालांत याला लबाडी म्हटलंय. वहीला फसवण्याखेरीज दुसरा उपायच ठेवला नसेल तर माणसानं काय करायचं, हे त्या अहवालांत कुठे नाही.

मोठी नावं या लढ्यात उशिरा आली. १९३६च्या ऑक्टोबरात नेल्लोरला बोलताना नेहरूंनी या कायद्यावर कडक टीका केली, सबंध जमातीला गुन्हेगार ठरवणं हे नागरी स्वातंत्र्याच्या मुळावर येतं असं ठणकावलं. १९३७मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि क. मा. मुन्शींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मग महायुद्ध. मुंबई प्रांतानं हा कायदा १९४९मध्ये काढून टाकला. केंद्रानं अनंतशयनम अय्यंगार समिती नेमली आणि तिचा अहवाल येऊन ३१ ऑगस्ट १९५२ला देशभर कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ला. ही माणसं पाच वर्षं सोळा दिवसांनी. भटके-विमुक्त ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो यासाठी. नेहरूंनी येऊन तार तोडली, अशी आठवण सोलापूरच्या वस्तीत आजही सांगतात. सांगताना हाताची दोन बोटं कात्रीसारखी चालतात.

१९५२चा आणखी एक योगायोग. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारनं एक कायदा केला. त्याच्या नावातच लिहिलं होतं: पास रद्द करण्याबाबत. रद्द झाले ते जुने सुटे पास. त्यांच्या जागी आलं एकच जाडजूड पुस्तक, सोळा वर्षांवरच्या काळ्या माणसानं सदैव खिशात बाळगायचं. शिपायानं मागितलं आणि नसलं की तुरुंग. लोक त्याला ‘दोमपास’ म्हणत, मूर्ख पास. ९ ऑगस्ट १९५६ला वीसएक हजार बायका प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. २१ मार्च १९६०ला शार्पव्हिलच्या पोलीस ठाण्यासमोर पासविरोधी जमावावर गोळीबार झाला आणि ६९ माणसं मेली. ते पुस्तक हटायला १९८६ उजाडलं. तिकडे रद्द करण्याच्या नावाखाली नवं आणलं, तेव्हा जगानं आरडाओरडा केला. इकडे रद्द केल्यावर काय आणलं, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

इकडे आला सराईत गुन्हेगारांचा कायदा. राज्याराज्यांनी आपापले केले, आपल्या मुंबई राज्यानं १९५९मध्ये. कागदावर हा कायदा जमातीला लागू होत नाही, माणसाला होतो. शिक्षा झालेली असायला हवी. सुधारणा खरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण ठाण्यातला जमादार बदलला नव्हता, कपाट बदललं नव्हतं, आणि सराईतांची यादी करायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची हे त्याला आधीच पाठ होतं. हजेरीनं फक्त साडी बदलली. १९९८च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर पोलीस कोठडीत मेला. तो खेडिया शबर, म्हणजे जुन्या यादीतला. त्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००८मध्ये अहवाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीनं भारताला सराईत गुन्हेगारांचे कायदे काढून टाका असं सांगितलं होतं. जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा हा तुमचा विषयच नाही, अशी आपल्या सरकारची भूमिका. शास्त्र म्हणून ती बरोबरही असेल. १८७१च्या कायद्याला मात्र वंश आणि जात यांतला हा बारीक भेद करायची कधी गरज पडली नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीनुसार कामं वाटून दिलेली, कोणी झाडायचं, कोणी शिजवायचं. आणि काही ठिकाणी भटक्या-विमुक्तांना जन्मावरूनच सराईत मानण्याची मुभा. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं हे सगळं घटनाबाह्य ठरवलं, नियमावल्या सुधारायला तीन महिने दिले, आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकानाच काढून टाका असा हुकूम केला. शंभर-दीडशे वर्षांत तिच्या पानावरची एखादी उभी रेघ कुणी खोडायला सांगितली असेल तर ती बहुधा हीच. विमुक्तांना उठसूट अटक करू नये, हेही पोलिसांना बजावलं. ठाण्यातल्या कपाटांपर्यंत तो निकाल किती दिवसांत पोचेल हे ठाण्याठाण्यावर अवलंबून.

आणि आता हिच्या म्हातारपणातली एक चमत्कारिक गोष्ट. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा जमाती आहेत, त्यांना तीन टक्के आरक्षण आहे. त्यासाठी जातीचा दाखला हवा. दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा हवा. इतरांकडे सातबारा असतो, आज्याच्या शाळेचा दाखला असतो, जन्ममृत्यूच्या नोंदवहीचा उतारा असतो. ज्याला एका गावात टिकूच दिलं नाही त्याच्याकडे सातबारा कुठला, आणि जो पालात जन्मला त्याच्या जन्माची नोंद कोण करणार? त्याच्या आज्याचं नाव, बापाच्या नावासकट, जमातीसकट, गावासकट, तारखेसकट सरकारी कागदावर कुठं आलं असेल तर ते बहुधा एकाच ठिकाणी. जिनं आज्याला गावाबाहेर बसवलं तिच्याकडेच नातवाला कॉलेजच्या प्रवेशासाठी जावं लागतं.

खिडकीपलीकडचा कारकून विचारतो, “आजोबांचा काही जुना पुरावा आहे का? शाळा, जमीन, काही?”

“हजेरी आहे साहेब. पोलिसांची. सेटलमेंटातली.”

कारकून क्षणभर बघतो. मग म्हणतो, “चालेल की. नक्कल काढून आणा. साक्षांकित लागेल. आणि जमातीचं नाव वाचता आलं पाहिजे, मागे एकाच्या कागदावर शाईच सांडलेली होती.”